पाण्यात म्हणजे कितपत पाण्यात?

अण्णा, तुमच्या तेराव्याला माणसं खूप आली. जो तो तुमच्या शुद्धलेखनाबद्दल बोलत होता. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, लिफ्टशेजारी नोटीस लावली की दुसऱ्या दिवशी ती लाल पेननं तपासून मिळायची, आता कुणाच्या भीतीनं नीट लिहायचं? सगळे हसले. मीही हसले. मग सुनेनं दोन शब्द बोलावेत असं कुणीतरी सुचवलं, तेव्हा मी उठले, "सासरे होते पण मला वडिलांसारखेच होते" असं काहीतरी म्हणाले आणि बसले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "वैशाली, हे वाक्य कुठल्याही सुनेनं कुठल्याही सासऱ्याबद्दल म्हणावं असं आहे. काढून टाक." काढून टाकते. जे म्हणायचं होतं ते चारचौघांत म्हणता आलं नाही, म्हणून इथे लिहायला बसलेय.

पंत तुमच्या हातून गेले नाहीत, अण्णा. माझ्या तोंडून गेले. हे तुम्हांला माहीत होतं, मलाही माहीत होतं. सानिकाला माहीत नव्हतं, आणि तुम्ही जाईपर्यंत मी ते तिला कळू दिलं नाही. म्हणायचं होतं ते एवढंच. पण एवढंच लिहून थांबले तर वाचणाऱ्याला काही कळणार नाही, आणि अर्धवट मजकूर छापखान्यात पाठवायचा नाही हे तुम्हीच शिकवलंत.

पंत म्हणजे आमचं कासव. वरच्या मजल्यावरचं कुटुंब फ्लॅट विकून पुण्याला गेलं, तेव्हा सामानाच्या शेवटच्या फेरीत ते प्लास्टिकच्या खोक्यातून आमच्या दारात आलं. "तुमच्या मुलीला आवडतं ना, ठेवा." काळ्या पाठीवरच्या प्रत्येक उंचवट्यावर पिवळ्या रेघांची चांदणी. सानिका तेव्हा तिसरीत होती, तिनं ते खोकं पोटाशी धरलं आणि सोडेचना. तुम्ही खुर्चीतून न उठता म्हणालात, "हे घरात ठेवायला कायद्यानं बंदी आहे. मी यावरच्या लेखाची प्रुफं तपासली आहेत. वनखात्याला कळवा." आयुष्यभर मुद्रितशोधक म्हणून काढलेल्या माणसाचा हा एक त्रास असतो, त्यानं सगळ्याच विषयांवरची प्रुफं तपासलेली असतात. मी म्हटलं, "बघू."

"बघू हे क्रियापद नव्हे," तुम्ही म्हणालात, "ही पळवाट आहे."

नितीन, तुमचा मुलगा, मनातून तुमच्या बाजूचा होता. पण तुमच्या बाजूनं बोलायचं म्हणजे माझ्याविरुद्ध बोलायचं, म्हणून तो टीव्हीच्या बाजूनं राहिला. कासव राहिलं. तुम्ही आठवडाभर त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाहीत. मग एका सकाळी ते स्वयंपाकघरातून निघालं, आणि सगळा हॉल ओलांडून, वाटेत दोनदा विश्रांती घेऊन, तुमच्या पायाशी येऊन थांबलं. तुम्ही पेपर खाली केलात. "या, पंत," म्हणालात. "बसा." तेव्हापासून त्यांचं नाव पंत, आणि घरात सगळ्यांनी त्यांना आदरार्थी बहुवचनात बोलायचं असा तुमचा दंडक. पंत आले, पंत जेवले, पंत सोफ्याखाली अडकलेत.

त्यांचं जेवण तुमच्याकडे लागलं. वसईजवळच्या गिरीज गावी इनासकाकांची वाडी, तुमच्या छापखान्यातल्या बाइंडिंग खात्यातले ते तुमचे जुने सोबती. दर दोन-तीन दिवसांनी तुम्ही बसनं तिकडे जायचात आणि पिशवीभर जास्वंदीची पानंफुलं घेऊन यायचात. सानिका शाळेतून आली की तुम्ही दोघं जमिनीवर बसून पंतांना एकेक फूल भरवायचात. फूल लाल असेल तर पंत मान बाहेर काढायचे, फिकट असेल तर विचार करायचे. मग शब्दकोडं. पेपरातल्या कोड्यातले दोन-तीन शब्द तुम्ही मुद्दाम तिच्यासाठी सोडून ठेवायचात. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या पोरीला "आडव्या सातमधला" शब्द सापडला की ती घर डोक्यावर घ्यायची. मी ऑफिसातून दमून येत असे तेव्हा दारातून मला तुमच्या दोघांच्या पाठी दिसायच्या आणि मधे ती तिसरी चांदण्यांची पाठ. अण्णा, तेव्हा मला वाटायचं, माझं घर चांगलं चाललंय.

पंतांवरून तुमचा आणि सानिकाचा एक वाद मात्र कधी मिटला नाही. ती म्हणायची, "आजोबा, ही इज नॉट अ टर्टल. ही इज अ टॉर्टॉइज." तुम्ही म्हणायचात, मराठीत दोन्ही कासवच. ती म्हणायची, दोन वेगळे प्राणी आहेत मग एकच शब्द कसा? तुम्ही शब्दकोश काढून बसलात. कूर्म सापडलं, कच्छप सापडलं, कमठ सापडलं, पण सगळे एकाच घरचे निघाले. शेवटी तुम्ही निकाल दिलात, "आपल्या माणसांना दोनच कासवं ठाऊक होती. एक विहिरीतलं आणि एक देवळातलं. एक पाण्यात राहतं, एक दगडाचं असतं. तिसऱ्याची भाषेला गरज पडली नाही." सानिका म्हणाली, आता पडलीय ना, मग करा नवा शब्द. तुम्ही विचार करतो म्हणालात.

तो शब्द तुम्ही केला असतात तर बरं झालं असतं, असं मी आता म्हणू शकत नाही. तेवढाही दोष तुमच्याकडे ढकलायचा मला हक्क उरलेला नाही.

पंतांच्या आंघोळीचं काम माझं होतं. सकाळी निघण्याआधी मी त्यांना बाथरूममध्ये नेई, कणकेच्या जुन्या परातीत दोन बोटं कोमट पाणी घेई आणि त्यात त्यांना बसवी. जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही. पण असं बसवलं की ते पाणी पितं, त्याचं पोट साफ होतं. पंतांचं तिथेच साफ व्हायचं आणि तुम्ही नाक मुरडायचात, म्हणून मी दार लावून घेत असे. तुम्हांला दिसायचं ते फक्त कोरडं कासव आत जाताना आणि ओलं कासव बाहेर येताना. आत काय होतं हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, मी कधी सांगितलं नाही. घरात सांगायच्या राहून गेलेल्या गोष्टी अशाच असतात, रोजच्या असतात म्हणून राहतात.

यंदा संक्रांतीनंतर थंडी पडली तेव्हा पंतांनी खाणं सोडलं. मी ऑफिसच्या कामासाठी नाशिकला गेले होते. नितीन कामावर, सानिका शाळेत. तुमचा फोन आला तेव्हा मी मीटिंगच्या खोलीच्या दारात उभी होते, आतून लोक माझ्याकडे बघत होते.

"पंतांनी आज फुलाला तोंड लावलं नाही," तुम्ही म्हणालात.

"मग त्यांना पाण्यात ठेवा थोडा वेळ. कोमट करा."

"पाण्यात म्हणजे कितपत पाण्यात?"

आणि मी म्हणाले, "अण्णा, शब्दाचा कीस काढत बसू नका हो. पाण्यात म्हणजे पाण्यात. कासव आहे ते!"

तुम्ही "बरं" म्हणालात. मी फोन ठेवला आणि आत जाऊन सगळ्यांची माफी मागितली, घरून फोन होता म्हणून.

जन्मभर तुम्ही शब्दाचा कीस काढलात. लग्नाच्या पत्रिकेवरून भांडलात, वसईच्या हॉटेलांच्या पाट्यांवरून भांडलात, गॅसवाल्याशी "त्वरित" या शब्दावरून भांडलात. आम्ही सगळे तुम्हांला हसलो. आणि ज्या एका दिवशी तो कीस काढायला हवा होता, त्या दिवशी मी तुम्हांला गप्प केलं. तुम्हांला गप्प करणं कुणाला कधी जमलं नव्हतं, मला एका वाक्यात जमलं.

पुढचं मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. तुम्ही गॅसवर पाणी तापवलंत. कपड्यांचा निळा टब धुऊन घेतलात आणि अर्ध्याच्या वर भरलात. नितीन लहान असताना करायचात तसं कोपर बुडवून पाणी सोसवतंय का ते पाहिलंत. पंत पोहता पोहता खातील म्हणून त्यात दोन जास्वंदी सोडल्यात. इनासकाकांच्या वाडीत बावखल आहे, वसईकडे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याला बावखल म्हणतात, तिथली कासवं दगडावर ऊन खात बसलेली असतात आणि माणूस दिसला की डुबकन बुडी मारतात. ती तुम्ही वर्षानुवर्षं पाहिलेली. पंतांना तुमच्यामुळे अवघडायला नको, म्हणून तुम्ही दार लोटून घेतलंत आणि बाहेर पेपर वाचत बसलात. इतकी काळजी घेतलीत, अण्णा. मी कधी कोपर बुडवून पाहिलं नव्हतं.

सानिका शाळेतून आली ती थेट बाथरूममध्ये गेली.

मी संध्याकाळी पोचले तेव्हा ती हॉलच्या मधोमध बसली होती, मांडीवर टॉवेल आणि टॉवेलात पंत. तुम्ही भिंतीशी उभे होतात. ओला सदरा अंगावर वाळला होता, बदलायचं तुम्हांला सुचलं नव्हतं. नितीन तुमच्या आणि तिच्या मधे उभा होता आणि त्याला कुणाकडे बघावं ते कळत नव्हतं. मी पर्स खाली ठेवली आणि म्हणाले, "अण्णा, एवढ्या पाण्यात कशाला ठेवलंत? दोन वर्षं बघताय. एवढंही कळत नाही?"

विचारता विचारताच मला फोन आठवला. नंतर आठवला असं मी लोकांना सांगू शकले असते, पण तुम्ही माझा चेहरा पाहत होतात, तुमच्याशी खोटं बोलून काय मिळणार. वाक्य तोंडातून अर्धं बाहेर आलं होतं तेव्हा आठवला, आणि उरलेलं अर्धं मी तरीही बोलले.

तुम्ही तोंड उघडलंत. आता येईल, असं मला वाटलं. तुम्ही "तूच सांगितलंस" म्हणाल, मी "दोन बोटं पाणी म्हणाले होते" असं खोटं म्हणेन, तुम्ही "नाही म्हणालीस" म्हणाल, आणि भांडण होईल. त्या भांडणाची मी तयारी केली होती, अण्णा. तुम्ही एकदा सानिकाकडे पाहिलंत, तोंड मिटलंत, परत उघडलंत आणि म्हणालात, "चुकलं माझं."

तुमच्या तोंडून हे दोन शब्द मी लग्न झाल्यापासून ऐकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पंतांना घेऊन आपण गिरीजला गेलो. नियमानं वनखात्याला कळवायला हवं होतं. तिथेही मी बघू म्हणाले, आणि ते बघणं अजून चाललेलंच आहे. इनासकाकांनी केळींच्या रांगेच्या टोकाला खड्डा खणून ठेवला होता. माती लोटल्यावर त्यांनी सवयीनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि मग ओशाळून आमच्याकडे बघितलं. "आजारी होतं का गं?" त्यांनी सानिकाला विचारलं.

"नाही काका," ती म्हणाली. "आजोबांनी बुडवलं."

ती लहान होती, दुःखात होती, तिनं पाहिलं तेच बोलली. इनासकाकांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, "हो रे इनास, माझ्याकडून गेले." मी तुमच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. मी ओढणी सारखी केली.

त्यानंतर सानिका तुमच्याशी बोलली नाही. पहिला आठवडा आम्हांला ते साहजिक वाटलं, दुसरा आठवडा जरा जास्त वाटला, आणि मग घराला त्याची सवय झाली. "आई, आजोबांना सांग त्यांचा फोन वाजतोय." "बाबा, आजोबांना म्हणावं टीव्हीचा आवाज कमी करा." तुम्ही समोर बसलेले असायचात. तिनं कधी उद्धटपणा केला नाही, म्हणून तिला रागवायलाही कारण मिळेना. मराठीच्या अभ्यासाला तिनं शिकवणी लावून घेतली. शब्दकोड्यातले दोन-तीन शब्द तुम्ही तरीही मोकळे सोडायचात. रद्दीला पेपर देताना मला ती कोडी दिसायची, आडवे सात मोकळं, उभे बारा मोकळं.

आणि जास्वंद तुम्ही आणतच राहिलात. पंत नाहीत हे तुमच्या पिशवीला माहीत नसल्यासारखं. पहिल्यांदा आणलीत तेव्हा स्वतःच दारात थबकलात, मग म्हणालात, "देवाला वाहा." ज्यांनी आयुष्यात उदबत्ती लावली नाही ते तुम्ही. मी वाहिली.

सुट्टीत एकदा, सानिका मामाकडे गेली असताना, आपण दोघं बाल्कनीत बसलो होतो. समोर खाडी होती. मी धीर केला. "अण्णा, त्या दिवशी फोनवर मी पाण्यात ठेवा म्हणाले होते."

तुम्ही चष्मा पुसत होतात. "वाक्य शुद्ध होतं," म्हणालात. "वाचणारा चुकला."

"तुम्ही विचारलं होतंत. कितपत म्हणून."

"एकदा विचारलं. शंका असली तर दोनदा विचारायचं असतं. अर्थ लागेपर्यंत लेखकाचा पिच्छा सोडायचा नसतो. माझं काम होतं ते."

मला तेव्हा आपल्या मासळीवालीची आठवण झाली. ती नेहमी "पानी" म्हणायची, आणि एकदा नितीननं तिची नक्कल केली तेव्हा तुम्ही त्याला तिच्यादेखत झापलं होतंत. लिहिताना चूक ती चूक, म्हणाला होतात, पण बोलणाऱ्याची चूक काढायची नसते, ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं असतं. माझ्याही बाबतीत तुम्ही तेच केलंत. मी या घरात आले तेव्हा माझी भाषा गोखिवऱ्याच्या गाळ्यांमधली, निम्मी हिंदी. माहेरी वडिलांचा वेल्डिंगचा गाळा, दिवसभर तिथेच वाढलेली मी. तुमच्यासारख्या माणसाच्या घरात तोंड उघडायला मला भीती वाटायची. तुम्ही एकदाही हसला नाहीत, एकदाही टोकलं नाहीत. पुढे ऑफिसात मला मराठीतून लिहायची वेळ आली तेव्हा मात्र माझी पानं लाल करून परत द्यायचात आणि सोबत बसून सांगायचात. आज मी हे लिहू शकतेय ते तुमच्यामुळे. आणि ज्या माणसानं माझी बोलण्याची भीती घालवली, त्याच्यासाठी बोलायची वेळ आली तेव्हा मी ओढणी सारखी केली.

बाल्कनीत मी म्हटलं, "सानिकाला सांगते मी."

"सांगून काय होईल? पंत येतील?" मग म्हणालात, "तिला राग धरायला एक माणूस लागतं. मी घरीच बसून असतो, मला वेळ आहे. तू दिवसभर बाहेर. संध्याकाळी येतेस तेव्हा तरी पोरीनं तुझ्याशी बोलायला हवं."

"पण ती तुमच्याशी—"

"बोलेल. मुलं किती दिवस रुसतात? आणि तुला सांगायचंच असेल तर तुझं तू ठरव."

मी म्हणाले, "बघू."

तुम्ही माझं वाक्य सुधारलं नाहीत. मला सुटल्यासारखं वाटलं, अण्णा. तुम्ही परवानगी दिलीत असं मी धरून चालले. ती परवानगी नव्हती, ते मला तेव्हाही कळत होतं. पण सानिका गावाहून आली तेव्हा दारातच माझ्या गळ्यात पडली, मामाकडच्या गमती सांगत सुटली, आणि मला वाटलं आज नको. उद्याही तेच वाटलं. आज नको वाटायला रोज काही ना काही चांगलं घडत होतं.

कधी कधी मला तुमचा राग येतो. हेही लिहून टाकते. एवढं चांगलं वागायची काय गरज होती? एकदा ताट आपटायचंत. एकदा म्हणायचंत, "वैशाली, आता पुरे झालं, पोरीला खरं सांग." क्षुल्लक अनुस्वारासाठी जगाशी भांडणारा माणूस, स्वतःसाठी भांडायची वेळ आली तर मुळी पेनच उघडत नाही. तुम्ही भांडला असतात तर मी ऐकलं असतं. कदाचित ऐकलं असतं.

आणि मग तुम्ही गेलात. मुलं किती दिवस रुसतात याचं उत्तर मिळायच्या आत गेलात. सगळ्यांनी तुमच्या ओठांना चमचा-चमचा पाणी लावलं. नितीननं सानिकाला हाक मारली. ती आतल्या खोलीच्या दारात उभी राहिली, चौकट धरून. पुढे आली नाही, रडली नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, लहान आहे, घाबरली असेल. मी मान डोलावली. त्या वेळीही डोलावली, अण्णा.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी इनासकाका आले. गर्दीत यायला त्यांना आवडत नाही. राजेळी केळ्यांचा फणा ठेवला, चहा घेतला, आणि खूप वेळ तुमच्या खुर्चीकडे बघत बसले. मग म्हणाले, "वसंता यायचा बघ आमच्याकडे. पहिला फुलं तोडायचा आणि निघायचा. ह्या वर्षी बावखलावर जाऊन बसायचा. तासन् तास. कासवं बघत."

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

"एकदा मी जवळ गेलो तर रडत होता. मी म्हटलं, काय रे, त्या कासवासाठी रडतोस? तर म्हणे, कासवासाठी नाय रे. पोरगी बोलत नाय. घरात मी असूनसुद्धा नसल्यागत झालोय."

त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्हांला माहीत असेलच," म्हणाले.

मला माहीत नव्हतं. तुम्ही मला सांगितलं होतंत, मला वेळ आहे. तुम्ही चष्मा पुसत इतक्या सहज बोलला होतात की मी ते खरं मानलं. मला ते खरं मानणं सोयीचं होतं. बसनं गिरीजपर्यंत जाऊन, परक्याच्या तळ्याकाठी बसून रडायला लागावं, एवढं तुम्हांला घरात अवघड झालं होतं. आणि घरी येताना पिशवीतून जास्वंद.

इनासकाका गेले आणि मी सानिकाच्या खोलीत गेले. ती अभ्यास करत होती. मी पलंगावर बसले आणि सगळं सांगितलं. फोन, मीटिंग, पाण्यात ठेवा, कितपत, शब्दाचा कीस. मी रडले नाही, मुद्दाम, तिनं मला समजवायला लागू नये म्हणून. ती पेन हातात धरून ऐकत राहिली.

"आजोबांना माहीत होतं?" तिनं विचारलं. "तू सांगितलं होतंस म्हणून झालं, ते?"

"हो."

"मग ते बोलले का नाहीत?"

"तू माझ्यावर रागावू नयेस म्हणून."

ती बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत होती. मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "मी त्यांना पाणीपण नाही दिलं," ती म्हणाली. "आई, आता मी सॉरी कुणाला म्हणू?"

 तोपर्यंत मला वाटत होतं की हा अपराध माझा आहे, सांगून टाकला की निदान माझ्यापुरता हलका होईल. ती रडायला लागली तेव्हा कळलं की मी तो तिच्या पदरात घातलाय. तुम्ही हयात असताना मी बोलले असते तर तिला धावत जाऊन तुमच्या गळ्यात पडता आलं असतं, आणि तुम्ही "हळू, चष्मा फुटेल" म्हणाला असतात, आणि संपलं असतं. आठ महिने होते माझ्याकडे. मी ते तिचे आणि तुमचे, दोघांचे, खाल्ले. मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिनं हात झटकला.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. नितीन म्हणतो, होईल हळूहळू. मी कुणाला काही म्हणत नाही. ऑफिसातून येते, दारात चपला काढते, आणि हॉलमध्ये ती असते आणि मी नसल्यासारखी असते. तुम्ही हे कसं केलंत, अण्णा, रोज, घरात बसून, कुठे न जाता?

काल रात्री जेवताना तिनं माझ्याकडे न बघता मीठ मागितलं. मी पुढे केलं. तुमच्याकडे तिनं तेवढंही मागितलं नव्हतं.